शिरेतून देण्याची गुंगीची व आकडीची औषधे : थोडी माहिती, थोडा हिशेब

रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात खाटांची संख्या, शस्त्रक्रियांचा तक्ता आणि जमाखर्च यांच्या जोडीने एखाद्या वैद्यकीय विषयाची ओळख करून द्यावी, अशी आपली प्रथा आहे. यंदाचा विषय काहीसा अनवट वाटेल. अतिदक्षता विभाग, अपघात कक्ष, प्रसूतिगृह आणि एन्डोस्कोपी कक्ष या चारही ठिकाणी नित्य लागणारी काही इंजेक्शने अशी आहेत की, त्यांची किंमत अल्प, कुपी करंगळीएवढी. परंतु चुकीच्या मात्रेत, चुकीच्या वेगाने अथवा चुकीच्या द्रावणातून ती शरीरात गेली, तर काही मिनिटांत श्वास वा हृदय थांबू शकते. आणि ती वेळेवर दिली गेली नाहीत, तरीही रुग्ण दगावू शकतो. गुंगी आणणारी आणि आकडी थांबविणारी ही औषधे होत. त्यांच्याविषयी लिहिण्यास या वर्षी एक कारण घडले. ते आधी सांगणे आम्ही कर्तव्य मानतो. कारण देणगीदार व विश्वस्त यांच्यापुढे केवळ यशाचाच पाढा वाचावा, असे या अहवालाचे प्रयोजन नाही.

एक घटना

गेल्या पावसाळ्यात एन्डोस्कोपी कक्षात सत्तरी ओलांडलेल्या एका आजींची तपासणी होती. घशातून दुर्बीण घालण्यापूर्वी मिडाझोलाम या औषधाची अल्प मात्रा शिरेतून देऊन रुग्णास गुंगी आणतात. त्या कक्षात हे औषध दर मिलीलिटरला १ मिलिग्रॅम या शक्तीचे येत असे. त्या आठवड्यात पुरवठादाराकडे ते शिल्लक नसल्याने औषधभांडारातून दर मिलीलिटरला ५ मिलिग्रॅम शक्तीच्या लहान कुप्या गेल्या. कुपीवर शक्ती छापलेली होती, पण अक्षरे भिंगातून वाचावीत अशी. ‘सिस्टर, एक मिली द्या’ ही त्या खोलीतील रोजची भाषा. सिस्टरांनी एक मिली दिले. आजींना १ मिलिग्रॅमऐवजी ५ मिलिग्रॅम औषध गेले.

दोन-तीन मिनिटांत श्वास उथळ झाला. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरचा स्वर उतरू लागला. डॉक्टरांनी दुर्बीण बाजूस ठेवून हनुवटी उचलून धरली, फुग्याच्या मुखवट्याने श्वास देण्यास आरंभ केला आणि शेजारच्या शस्त्रक्रियागृहातून प्रस्तुत लेखकास बोलावून घेतले. फ्लुमाझेनिल हे मिडाझोलामवरील उताऱ्याचे औषध ०.२ मिलिग्रॅमच्या छोट्या मात्रांनी दिल्यावर आजींनी डोळे उघडले आणि विचारले, ‘झालं का?’

झाले नव्हते. फ्लुमाझेनिलचा परिणाम तासाभरात ओसरतो आणि मूळ औषध शरीरात उरले असेल तर गुंगी परतते. म्हणून त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत अतिदक्षता विभागात देखरेखीखाली ठेवले. त्याच सायंकाळी त्यांच्या मुलाला समोर बसवून जे घडले ते जसेच्या तसे सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘डॉक्टर, आता त्या सिस्टरला काढून टाकणार का?’

त्याला दिलेले उत्तर येथेही नोंदवितो. नाही, काढून टाकले नाही. त्या सिस्टरांनी तोंडी आज्ञा अक्षरशः पाळली होती. चूक होती ती औषध मिलीलिटरमध्ये मागण्याच्या आमच्या सवयीत, एकसारख्या दिसणाऱ्या दोन शक्तींच्या कुप्या एकाच कपाटात ठेवण्यात आणि बदललेल्या मालाची खबर कक्षाला न देण्यात. त्यांच्या जागी दुसरी परिचारिका असती, तरी त्या दिवशी हेच घडण्याचा संभव होता. विश्वस्त मंडळाच्या बैठकीत याविषयी मतभेद झाले, हे लपविण्याचे कारण नाही. जबाबदार व्यक्तीस समज तरी द्यावी, असे काहींचे म्हणणे होते. अखेर समज दिली गेली ती डॉक्टरांना, तोंडी आज्ञेबद्दल; आणि व्यवस्था बदलली गेली.

आपल्याच हातून असे घडले, असे मुळीच नाही. मिडाझोलाम अमेरिकेत १९८६ मध्ये वापरात आले, तेव्हा ते जुन्या डायझेपामच्या तोडीचे समजून त्याच हिशेबाने देण्यात येऊ लागले. प्रत्यक्षात ते त्याहून बरेच तीव्र होते. पहिल्या काही वर्षांतच तपासणीच्या वेळी श्वास थांबून मृत्यू झाल्याच्या घटना पुढे आल्या आणि औषधाच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीत इशारा छापणे भाग पडले. ब्रिटनमधील राष्ट्रीय रुग्णसुरक्षा संस्थेने डिसेंबर २००८ मध्ये देशभरातील रुग्णालयांना कळविले की, तीव्र शक्तीचे मिडाझोलाम भूल देण्याच्या जागा, अतिदक्षता विभाग आणि असाध्य रुग्णांची शुश्रूषा यांपुरतेच ठेवावे. इतरत्र दर मिलीलिटरला १ मिलिग्रॅमचेच असावे. पुढे तर ही चूक तेथे ‘कधीही घडता कामा नये’ अशा घटनांच्या सरकारी यादीत गेली. म्हणजे आम्ही जे या पावसाळ्यात शिकलो, ते जगाला केव्हाच ठाऊक झालेले होते. आम्हाला याचीच अधिक खंत वाटते.

ही औषधे करतात काय?

मेंदूतील पेशी एकमेकींना चेतविणारे संदेश पाठवितात, तसेच आवरणारेही. आवरण्याचे काम मुख्यत्वे ‘गाबा’ नावाचे रसायन करते. गाडीस जसा ब्रेक, तसा मेंदूस गाबा. डायझेपाम, लोराझेपाम व मिडाझोलाम ही एकाच कुळातील औषधे या ब्रेकवरील दाब वाढवितात. म्हणून त्यांनी चिंता शमते, झोप येते, तपासणीची आठवण राहात नाही आणि सैरावैरा चेतलेल्या पेशींमुळे आलेली आकडीही थांबते. परंतु श्वास चालविणारे केंद्रही मेंदूतच आहे आणि अधिक दाबलेला ब्रेक तेथेही लागतो. गुण आणि दोष एकाच मुळातून निघतात. त्यांना निरनिराळे करता येत नाही. अफूवर्गातील वेदनाशामक, झोपेच्या गोळ्या किंवा दारू यांची त्यात भर पडली, तर एरवी सोसली असती अशी मात्राही जड जाते.

या कुळाचे मूळ औषध स्वित्झर्लंडच्या रोश कंपनीत लिओ स्टर्नबाख या रसायनज्ञाने शोधले. डायझेपाम १९६३ मध्ये बाजारात आले. त्याआधी आकडीवर फेनोबार्बिटोन हाच मोठा आधार होता. जर्मन डॉक्टर आल्फ्रेड हाउप्टमान यांनी १९१२ मध्ये त्याचा हा उपयोग दाखवून दिला. शंभराहून अधिक वर्षे लोटली, तरी नवजात अर्भकाच्या आकडीसाठी आपल्या बालविभागात आजही आधी तेच काढले जाते.

तिन्ही भावंडांचे स्वभाव मात्र भिन्न. डायझेपाम शिरेतून दिल्यावर क्षणात मेंदूत पोहोचते. पण तितक्याच त्वरेने शरीरातील चरबीत पसरून जाते. त्यामुळे आकडीवरील परिणाम पाव-अर्ध्या तासात ओसरू लागतो, औषध मात्र शरीरात दिवसेंदिवस रेंगाळते. आकडी परत आली म्हणून पुन्हा, पुन्हा देत गेल्यास साठा वाढत जाऊन श्वास मंदावतो. स्नायूत टोचले तर ते वेळेवर शोषलेच जाईल याचा भरवसा नाही. लोराझेपामचा परिणाम अधिक काळ टिकतो. अडचण इतकीच की ते शीतकपाटात ठेवावे लागते, आणि पावसाळ्यात वीज गेली की ज्यांच्याकडे जनित्र नाही अशा लहान दवाखान्यांत त्याची खात्री राहात नाही. मिडाझोलाम कुपीत पाण्यात विरघळलेले असते आणि शरीरात शिरताच आपले रूप पालटून मेंदूत सहज शिरते. म्हणून ते शिरेतून, स्नायूतून, इतकेच नव्हे तर नाकातील फवाऱ्यानेही देता येते.

घड्याळाकडे पाहणे

सुरक्षितता म्हटली की मात्रा कमी ठेवणे, असा समज रुग्णांच्या नातेवाइकांतच नव्हे, तर तरुण डॉक्टरांतही आढळतो. आकडीच्या बाबतीत हा समज घातक आहे.

अपस्माराचा, म्हणजे फेफऱ्याचा, बहुतेक झटका एक-दोन मिनिटांत आपोआप थांबतो आणि त्यासाठी कोणतेही इंजेक्शन लागत नाही. परंतु सर्वांगाची आकडी ५ मिनिटांहून अधिक चालली, तर ती आपण होऊन थांबण्याची शक्यता घटत जाते. आंतरराष्ट्रीय अपस्मारविरोधी संघटनेने २०१५ मध्ये केलेल्या व्याख्येनुसार ५ मिनिटे ही उपचार सुरू करण्याची आणि ३० मिनिटे ही मेंदूस कायमची इजा होण्याचा धोका आरंभ होण्याची मर्यादा होय. पूर्वीच्या पाठ्यपुस्तकांत अर्धा तास आकडी चालली तरच तिला ‘अखंड आकडी’ म्हणत. आज तोवर थांबणारा डॉक्टर उशीर करीत आहे, असेच म्हणावे लागेल.

इंजेक्शनाने श्वास थांबेल या भीतीने हात आखडणाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्को येथील एक अभ्यास अवश्य लक्षात ठेवावा. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात रुग्णवाहिकेतच काही रुग्णांना लोराझेपाम, काहींना डायझेपाम, तर काहींना औषधविरहित द्रावण शिरेतून दिले होते. रुग्णालयात पोहोचेपर्यंत आकडी थांबलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे सुमारे ५९, ४३ व २१ टक्के होते. याहून बोलका आकडा पुढचा आहे. श्वसन वा रक्ताभिसरण बिघडण्याचे प्रमाण औषध मिळालेल्या दोन्ही गटांत १० ते ११ टक्के आणि औषध न मिळालेल्या गटात २२ टक्क्यांहून अधिक होते. चालू राहिलेली आकडी ही औषधापेक्षा श्वासाची मोठी वैरी आहे.

२०१२ मध्ये अमेरिकेतीलच दुसऱ्या एका मोठ्या अभ्यासाने दाखविले की, रुग्णवाहिकेत शीर शोधत बसण्यापेक्षा मांडीच्या स्नायूत मिडाझोलाम टोचणे निदान तितकेच गुणकारी ठरते. ४० किलोंहून अधिक वजनाच्या रुग्णास १० मिलिग्रॅम, तर १३ ते ४० किलो वजनाच्या रुग्णास ५ मिलिग्रॅम, असा त्यातील हिशेब होता. वाचकांच्या मनात येथे शंका येईल : आजींना ५ मिलिग्रॅमने श्वास मंदावला आणि येथे १० मिलिग्रॅम सुरक्षित कसे? एक तर मार्ग निराळा. स्नायूतून औषध काही मिनिटांत हळूहळू चढते, शिरेतून ते एकदम जाते. दुसरे, आकडीत मेंदू पराकोटीचा चेतलेला असतो, तर आजी शांत पडून होत्या. वयाचाही भाग आहे. साठीनंतर तपासणीपूर्वीची मात्रा १ मिलिग्रॅमच्या आसपास ठेवून, दोन-तीन मिनिटे वाट पाहून मगच अधिक द्यावे, असा नियम आहे. एकच कुपी एका खाटेवर अपुरी आणि शेजारच्या खाटेवर अति ठरते, ती अशी.

आपल्या अपघात कक्षात आता आकडीच्या रुग्णास खाटेवर घेताक्षणी भिंतीवरील फळ्यावर वेळ लिहितात. रक्तातील साखर त्याच मिनिटात तपासतात. कारण साखर उतरल्याने आलेली आकडी ग्लुकोजने थांबते, शामकाने नव्हे. पहिली मात्रा देण्यासाठी वरिष्ठांच्या फोनची वाट पाहायची नाही, असा लेखी अधिकार रात्रपाळीच्या डॉक्टरांना देण्यात आला आहे.

फेनिटॉइनचा हट्टी स्वभाव

पहिल्या औषधाने आकडी थांबली तरी ती परतू नये म्हणून, अथवा थांबलीच नाही म्हणून, दुसऱ्या फळीतील औषध द्यावे लागते. फेनिटॉइन, व्हॅल्प्रोएट आणि लेव्हेटिरासिटाम ही त्यांतील प्रमुख. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात फेनिटॉइनचे सुधारित रूप असलेले फॉसफेनिटॉइन आणि उरलेली दोन औषधे जवळजवळ सारखीच ठरली. प्रत्येकाने निम्म्याहून किंचित कमी रुग्णांत आकडी आटोक्यात आणली. तेव्हा निवड करताना रुग्णाचे यकृत, हृदय, गर्भावस्था आणि त्याची खिशाची ताकद यांचा विचार करावा लागतो. व्हॅल्प्रोएट गर्भास घातक ठरू शकते व यकृताच्या रुग्णास टाळावे लागते. लेव्हेटिरासिटाम देण्यास सोपे, मात्र मूत्रपिंडे दुबळी असतील तर पुढील मात्रा कमी करावी लागते.

फेनिटॉइन स्वस्त आहे, सर्वत्र मिळते आणि १९३८ पासून वैद्यकाच्या सेवेत आहे. परंतु इंजेक्शन म्हणून ते फार हट्टी. पाण्यात ते धड विरघळत नाही; म्हणून कुपीत ते प्रोपिलीन ग्लायकॉल व अल्कोहोल यांच्या साहाय्याने, चुन्याच्या निवळीइतक्या तीव्र अल्कधर्मी द्रावणात राखलेले असते. ग्लुकोजच्या बाटलीत मिसळले की द्रावण आम्लाकडे झुकते आणि औषधाचे स्फटिक होऊन तळाशी बसू लागतात. ते केवळ साध्या सलाईनमध्येच मिसळावे लागते, तेही ऐनवेळी; आणि नळीत आधीचे ग्लुकोज असेल तर ती आधी व नंतर सलाईनने धुवावी लागते. प्रस्तुत लेखकाने उमेदवारीच्या काळात दुसऱ्या एका रुग्णालयात दुधाळ झालेली अशी नळी पाहिली आहे. कोणाच्या तरी ते वेळीच लक्षात आले, म्हणून निभावले.

शिरेबाहेर झिरपले तर हे द्रावण भोवतालचे मांस जाळते. क्वचित हात मनगटापासून जांभळा पडून सुजतो. यासाठी हाताच्या पाठीवरील बारीक शीर टाळून मोठी शीर घ्यावी लागते. स्नायूत तर ते टोचूच नये. वेगाचा नियम याहूनही कडक आहे : प्रौढास मिनिटाला ५० मिलिग्रॅमहून अधिक नाही, वृद्ध वा हृदयरोग्यास त्याच्या निम्म्याने. वेग वाढला की रक्तदाब कोसळतो आणि हृदयाची लय बिघडते.

आता हिशेब पाहा. आकडीच्या रुग्णास दर किलो वजनास २० मिलिग्रॅम मात्रा लागते. ६० किलोच्या रुग्णास १,२०० मिलिग्रॅम. एका कुपीत १०० मिलिग्रॅम, म्हणजे १२ कुप्या; आणि त्या जाण्यास किमान २४ मिनिटे. बारा कुप्या फोडताना नव्या परिचारिकेचा हात थबकतो, कारण इतर कोणत्याही औषधाच्या बारा कुप्या एकदम फोडण्याची सवय नसते. ‘तीन पुरेत’ असे कोणी म्हणते आणि रुग्णास पाव मात्रा मिळून आकडी तशीच राहते. उलट घाईत बाराही कुप्या पाच मिनिटांत गेल्या तर हृदय बंद पडण्याचे भय. ब्रिटनच्या आरोग्यसेवेने २०१६ मध्ये केवळ या एका इंजेक्शनातील चुकांविषयी देशव्यापी इशारा काढला होता, यात नवल नाही. आपण काय केले? वजनानुसार कुप्यांची संख्या व किमान मिनिटे दर्शविणारा तक्ता फेनिटॉइनच्या खणावरच चिकटविला. हिशेब आता कोणी मनात करीत नाही. ठिबकाच्या चक्रावर अंदाजाने वेग ठेवण्याऐवजी, मागील वर्षीच्या देणगीतून आलेले इन्फ्युजन पंप येथे कामास आले. औषध जाईपर्यंत ईसीजीचा पडदा चालू, आणि दर काही मिनिटांनी रक्तदाब.

प्रसूतिगृहातील हातोडी

गरोदरपणातील रक्तदाबामुळे येणारी आकडी हा निराळाच प्रकार आहे. तेथे वर सांगितलेली औषधे पहिल्या पसंतीची नाहीत. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, ज्यात भारतातील मातांचाही समावेश होता, साध्या मॅग्नेशियम सल्फेटने पुन्हा आकडी येण्याचा धोका डायझेपामच्या तुलनेत निम्म्याने आणि फेनिटॉइनच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांशाने घटला. मीठच ते, पण याने कितीतरी माता वाचल्या आहेत.

त्याची प्रचलित पद्धत अशी की, ४ ग्रॅम शिरेतून सावकाश आणि प्रत्येक नितंबात ५ ग्रॅम, असे एकूण १४ ग्रॅम आरंभी द्यायचे. नंतर दर चार तासांनी ५ ग्रॅम. ते मूत्रावाटे बाहेर पडते. लघवी कमी झाली की रक्तात साठते आणि श्वासाचे स्नायू लुळे पाडते. निसर्गाने मात्र येथे एक पूर्वसूचना ठेवली आहे. श्वास थांबण्याच्या बराच आधी गुडघ्याची प्रतिक्रिया नाहीशी होते. म्हणून प्रत्येक मात्रेपूर्वी रबरी हातोडीने गुडघा ठोकून पाय उडतो की नाही ते पाहतात, श्वास मोजतात आणि तासाला ३० मिलीलिटर तरी लघवी झाली आहे ना, याची खात्री करतात. यांपैकी एक गोष्ट चुकली, तर पुढची मात्रा थांबते. उताऱ्याचे कॅल्शियम ग्लुकोनेट खाटेजवळच भरून तयार असते. आपल्या रुग्णालयातील सर्वांत स्वस्त देखरेखीचे यंत्र कोणते, असे कोणी देणगीदाराने विचारल्यास आम्ही ही हातोडी दाखवितो.

‘झोपेचे इंजेक्शन द्या’

रात्री वॉर्डात वृद्ध रुग्ण तळमळतो, नळ्या ओढतो, भलतेच बोलतो. थकलेला मुलगा परिचारिकेस विनवितो, ‘बाबांना झोपेचे एक इंजेक्शन द्या.’ ही विनंती मानवी आहे; तरीही ती ताबडतोब मान्य होत नाही, यावरून कटुता येते. तळमळ हा पुष्कळदा प्राणवायू कमी पडल्याचा, साखर उतरल्याचा, लघवी तुंबल्याचा किंवा वेदनेचा आवाज असतो. आधी ते शोधावे लागते. प्राणवायूसाठी तळमळणाऱ्यास शामक दिले, तर तळमळ थांबते आणि थोड्या वेळाने श्वासही. कारण सापडून दूर झाल्यावर बहुधा इंजेक्शनाची गरज उरत नाही. उरलीच, तर अल्प मात्रेत, देखरेखीखाली.

देखरेख म्हणजे केवळ बोटावरचा चिमटा नव्हे. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या तत्त्वावर चालणारा हा ऑक्सिमीटर आज घराघरांत पोहोचला आहे, आणि तो उत्तमच आहे. पण रुग्णास नाकावाटे प्राणवायू चालू असेल, तर श्वास मंदावल्यानंतरही काही मिनिटे आकडा ९८ दाखवीत राहतो. छाती हलते आहे का, मिनिटाला श्वास किती, हे डोळ्यांनी मोजावेच लागते. उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड दाखविणारे कॅप्नोग्राफ यंत्र ही उणीव त्वरित दाखविते.

कुटुंबीयांकडून काय हवे?

सर्वप्रथम, खरी माहिती. रोजच्या गोळ्यांची पाकिटे सोबत आणावीत. आकडीची गोळी मध्येच बंद केली असल्यास तसे स्पष्ट सांगावे. त्यावरून कोणी रागावणार नाही. झोपेच्या गोळ्या, दारू, झोपेत मोठ्याने घोरणे व श्वास अडकणे, पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर उठलेले चट्टे, गर्भधारणेची शक्यता, या गोष्टी लाजेने दडविल्या जातात आणि नेमक्या त्याच आम्हास हव्या असतात. लहान मुलाचे वजन अंदाजे सांगू नये, काट्यावर करून घ्यावे.

गुंगी देऊन करावयाच्या तपासणीपूर्वी हलक्या अन्नानंतर ६ तास, आईच्या दुधानंतर ४ तास आणि साध्या पाण्यानंतर २ तास पोट रिकामे लागते. मूल रडते म्हणून गुपचूप बिस्किट दिल्याचे प्रसंग घडतात. गुंगीत उलटी होऊन ते फुप्फुसात गेले, तर त्या बिस्किटाची किंमत फार मोठी होते. तपासणीनंतर २४ तास वाहन चालवू नये, कोणत्याही कागदावर सही करू नये आणि घरी जाताना सोबत कोणीतरी असावे. सलाईन चालू असता हात झोंबू लागला, सुजला वा रंग बदलला, तर रात्री दोन वाजतादेखील परिचारिकेस बोलवावे.

घरी आकडी आली तर रुग्णास कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, घड्याळ पाहावे. दातांत चमचा घालू नये. कांदा वा चप्पल हुंगविल्याने आकडी थांबत नाही. ती थांबायचीच असते म्हणून थांबते आणि श्रेय चपलेला जाते. ज्या मुलांना वारंवार लांबलेली आकडी येते, त्यांच्या पालकांना मिडाझोलामचा नाकातील फवारा डॉक्टरांच्या चिठ्ठीने मिळतो; किती वेळा दाबायचा हे वजनावर ठरते आणि ते घरातील प्रत्येकाला, आजी-आजोबांनाही, ठाऊक असावे. ५ मिनिटांत आकडी न थांबल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

कपाटाची किल्ली

डायझेपाम, लोराझेपाम, मिडाझोलाम व फेनोबार्बिटोन ही १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या यादीतील औषधे आहेत. ती कुलपात राहतात, आणि पाळी बदलताना दोघी परिचारिका मिळून कुप्या मोजतात. अर्धी वापरलेली कुपी ठेवून दिली जात नाही. उरलेले औषध दुसऱ्या व्यक्तीसमोर ओतून तशी नोंद होते. या कामात प्रत्येक पाळीची काही मिनिटे जातात आणि मनुष्यबळ अपुरे असताना ते जड वाटते, हे मान्य केले पाहिजे.

घटनेनंतर एन्डोस्कोपी कक्षातून तीव्र शक्तीचे मिडाझोलाम काढून घेतले. मात्रा मिलिग्रॅममध्येच, लेखी व मोठ्याने उच्चारून सांगावयाची. भरलेल्या प्रत्येक सिरिंजवर औषधाचे नाव व शक्ती लिहिलेली नारिंगी चिठ्ठी. दुसऱ्या व्यक्तीने कुपी वाचून ‘बरोबर’ म्हटल्याखेरीज टोचायचे नाही. माल बदलला की औषधभांडार लेखी कळविते. पहिले दोन महिने वरिष्ठ डॉक्टरांनाच ‘एक मिली’ म्हणण्याची सवय मोडता आली नाही. त्या वेळी ‘सर, किती मिलिग्रॅम?’ असे उलट विचारण्याचे काम ज्यांनी नेटाने केले, त्यांत त्या दिवशीच्या सिस्टर पुढे होत्या. नव्या परिचारिकांना या औषधांचे प्रशिक्षण आता त्याच देतात.

आजींची तपासणी सहा आठवड्यांनी पुन्हा करण्यात आली. त्यांच्या मुलाने त्या वेळी कुपी स्वतः वाचून पाहण्याची परवानगी मागितली, आणि ती देण्यात आली. एन्डोस्कोपी कक्षासाठी कॅप्नोग्राफ घेण्याचा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आहे. तो येईपर्यंत गुंगी दिलेल्या प्रत्येक रुग्णाचे श्वास मोजण्यासाठी तेथे एक परिचारिका स्वतंत्र बसते आणि त्या वेळात तिला दुसरे कोणतेही काम सांगितले जात नाही.